मत कुणाला द्यायचं, हे प्रार्थनासभेत ठरावं का? पेण-रोह्याच्या ख्रिस्ती मतदारांपुढचा प्रश्न

पेण/रोहा : निवडणूक आली की उमेदवार देवळात जातात, दर्ग्यात जातात, प्रार्थनासभेतही डोकावतात. पेण-रोहा पट्ट्यात ख्रिस्ती मतं थोडीच. पण ग्रामपंचायतीत पाच-दहा मतांनीही निकाल फिरतो. म्हणून ‘तुमच्या सगळ्या माणसांना सांगा’ असा निरोप फादर किंवा पास्टरकडे पोचू शकतो. मग श्रद्धा आणि मत यांचा संबंध किती ठेवायचा?

कायदा काय म्हणतो?

लोकसभा-विधानसभेसाठी लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ लागू आहे. त्याच्या कलम १२३ नुसार उमेदवाराने धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार ठरतो. ‘मत दिलं नाही तर देवाचा कोप होईल’ अशी भीती घालणंही त्यातच येतं. २ जानेवारी २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी ४ विरुद्ध ३ असा निकाल दिला : मतदाराचा धर्म पुढे करूनही मत मागता येणार नाही. हा खटला मुंबईच्या सांताक्रूझमधल्या १९९० च्या निवडणुकीचा होता. आचारसंहितेनुसार मंदिर, मशीद, चर्च यांत प्रचार करायला बंदी आहे.

वसईने काय केलं?

म्हणजे श्रद्धा घरी ठेवून मतदान करायचं का? तसं नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनाचं नेतृत्व केलं. विषय धर्माचा नव्हता. शेती, विहिरींचं पाणी आणि बिल्डरांची दहशत हा होता. म्हणून इतर धर्मांचे लोकही सोबत आले. पुढे २००९ मध्ये, ख्रिस्ती मतदार मोठ्या संख्येने असलेल्या वसईतून विवेक पंडित अपक्ष आमदार झाले. ते ख्रिस्ती नाहीत. गावं महापालिकेतून वगळावीत, हा तेव्हाचा कळीचा मुद्दा होता.

मिझोराममध्ये चर्चच्या पुढाकाराने २००६ मध्ये मिझोराम पीपल्स फोरम उभा राहिला. तो उमेदवार निवडून देत नाही. जेवणावळी नकोत, खर्चाला आवर घाला, सगळे उमेदवार एकाच व्यासपीठावर या, असे नियम घालतो. तिथे ख्रिस्ती बहुसंख्य आहेत, म्हणून चर्चचा शब्द चालतो. आपल्याकडे हेच काम सगळ्या धर्मांच्या गावकऱ्यांना मिळून करावं लागेल.

एकगठ्ठा मताचा तोटा

‘आपण थोडे, एकत्र राहिलो तरच सुरक्षित’ असं काही जण म्हणतात. ही भीती खोटी म्हणता येत नाही. प्रार्थनेला संरक्षण देणार का, हे उमेदवाराला जरूर विचारावं. राज्यघटनेच्या कलम २५ ने तो हक्क दिलेला आहे. पण गठ्ठा एकाच्या हातात दिला की सौदा तोच करतो, आणि बाकीच्यांचा प्रश्न मागे पडतो.

पेणला याचा अनुभव आहे. २१ सप्टेंबर २००८ रोजी तालुक्यातल्या २२ गावांत सेझला जमीन द्यायची का, यावर सरकारने कौल घेतला. तिथे प्रत्येक शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीबद्दल स्वतःच मत द्यायचं होतं.

शेजाऱ्यावर प्रेम करा, ही येशूची शिकवण. पाण्यासाठी पायपीट करणारी आदिवासी वाडी, भट्टीवर कामाला जाणारी कातकरी कुटुंबं हेही शेजारीच. त्यांच्यासाठी काय करणार, हे उमेदवाराला विचारा. रात्री आलेलं पाकीट परत करा. चर्चने एवढं जरूर सांगावं. बटण कुठलं दाबायचं, ते मतदाराने एकट्याने ठरवायचं.