पैसे फिटले, दावा मात्र उभाच

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

महोदय,

सोलापुरातला एखादा छापखानेवाला डोळ्यांसमोर आणावा. 2018 मध्ये बँकेने त्याच्यावर दिवाणी दावा लावला, अडीच लाखांची डिक्री झाली आणि 2021 मध्ये त्याने व्याजासकट सगळी रक्कम शाखेत भरली. शाखेने 'नो ड्यूज'चं पत्र दिलं, ते त्याने लॅमिनेट करून ठेवलं. आता नव्या मशीनसाठी तो दुसऱ्या बँकेत जातो, तर अधिकारी स्क्रीन त्याच्याकडे वळवतो. जुन्या खात्यासमोर थकबाकी शून्य आणि त्याच खात्यावर शेरा 'सूट फाइल्ड'. शून्य रुपयांचा दावा! छापखानेवाला कल्पनेतला असला, तरी अशी नोंद कर्ज विभागात बसणाऱ्या कोणाला नवलाची वाटू नये.

गोम कोर्टातून सुरू होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 2 प्रमाणे, पैसे कोर्टाबाहेर मिळाले तर डिक्रीदाराने ते कोर्टाला कळवायचे असतात. बँकेच्या वकिलाने पानभर पुरशिस, म्हणजे पैसे मिळाल्याचं लेखी निवेदन, कोर्टात दिली की झालं. ती दिली नाही, तर कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. पण मुदत कायद्याच्या अनुच्छेद 125 ने त्याला भरण्यापासून अवघे 30 दिवस दिले आहेत. नोंद न झालेला भरणा डिक्रीच्या बजावणीची दरखास्त चालवणारं कोर्ट विचारात घेत नाही. आणि डिक्री बजावून घ्यायला बँकेला किती अवधी? 12 वर्षं. शाखेत पैसे मोजून घेणारा कॅशियर हे कशाला सांगेल!

पत-नोंदीतला शेराही बँकेच्याच हाती. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही पत-माहिती कंपन्या बँकेकडून आलेली माहितीच नोंदवतात. हरकत घेतली की ती पडताळणीला पुन्हा त्याच बँकेकडे जाते. संपूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो खरा, पण कर्ज नाकारल्याशिवाय तो बघतो कोण?

रिझर्व्ह बँक हातावर हात ठेवून बसलेली नाही. जानेवारी 2025 पासून बँकांवर या कंपन्यांना दर पंधरवड्याला माहिती पाठवण्याचं बंधन आलं. एप्रिल 2024 पासून, पत-नोंदीबद्दलची तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. त्या 30 दिवसांतले पहिले 21 बँकेचे. मात्र हे मीटर तक्रारीच्या तारखेपासून चालतं. तक्रारच केली नाही, तर चुकीची नोंद वर्षानुवर्षं बिनखर्चाची.

याउलट घरकर्जासारख्या व्यक्तिगत कर्जांत मिळकतीची मूळ कागदपत्रं परत करण्याचा रिझर्व्ह बँकेचाच नियम पाहा. 1 डिसेंबर 2023 पासून, पूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांत कागद द्यायचे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये. इथे घड्याळ परतफेडीपासून सुरू होतं, कर्जदाराने तक्रार करावी लागत नाही. खरेदीखताला जी तत्परता लाभते, ती पत-नोंदीला का नाही?

तेव्हा विनंती अशी. डिक्रीची पूर्ण रक्कम मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत बँकेनेच कोर्टात पुरशिस द्यावी, तिची शिक्का मारलेली प्रत 'नो ड्यूज'सोबत कर्जदाराच्या हाती ठेवावी आणि लगतच्या पंधरवड्यात 'सूट फाइल्ड' हा शेरा काढून तसं चारही कंपन्यांना कळवावं. उशिराची भरपाई भरण्याच्या तारखेपासून मोजावी. थकबाकी शून्य आणि दावा चालू, अशी जोडी असलेली जुनी खाती तर संगणकावर एका चाळणीत सापडतील. ती बँकांकडून एकदा तपासून घ्यावीत.

कळावे,
एक कर्जदार नागरिक