गाडी भाड्याची, समुद्र कुणाचा?

२९ जून २०२४ ची रात्र. ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकला आणि आमच्या होस्टेलच्या टीव्ही हॉलमध्ये जो काही गोंधळ झाला, त्यात दोन खुर्च्या आणि एक ट्यूबलाइट कामी आली! पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीचं. बेरिल वादळामुळे आपली टीम बार्बाडोसलाच अडकली होती, आणि मेसमध्ये मॅचपेक्षा त्या बेटाच्याच गप्पा जास्त. कुणीतरी मोबाइलवर शोधून काढलं की हे बेट जेमतेम ४३० चौरस किलोमीटरचं आहे. आपला अमरावती जिल्हा बारा हजार चौरस किलोमीटरच्या वर. म्हणजे अशी पंचवीस बेटं आपल्या जिल्ह्यात आरामात मावतील. लोक तिथं जातात, गाडी भाड्याने घेतात आणि कुणाला माहीत नसलेले किनारे शोधत फिरतात. तिथंही गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालवतात. भाड्याच्या गाडीचा नंबर 'एच' या अक्षराने सुरू होतो, त्यामुळे गावातल्या माणसाला लगेच कळतं, पाहुणा आलाय, रस्ता चुकणार!

"अबे, आपन बी जाऊ न बे," माझा रूममेट म्हणाला. पासपोर्ट एकाकडेही नव्हता. मग बार्बाडोसचं कोकण झालं.

आपल्या वऱ्हाडातल्या पोरांना समुद्राचं एवढं वेड का, हे मुंबई-पुण्याच्या मुलांना कळणार नाही. अकोल्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरपेक्षा जास्त लांब, अमरावतीहून त्याहूनही पुढे. आपल्याकडे खारं पाणी आहे, पण ते पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, विहिरी आणि बोअरच्या तळाशी. माझी शाळा अकोल्याची, कॉन्व्हेंटची. तिथं मी 'अ व्हिजिट टू द सी-साइड' या विषयावर दोनदा निबंध लिहिला आणि एकदा तर वर्गात वाचूनही दाखवला. तोपर्यंत मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे महानचं काटेपूर्णा धरण!

तर त्याच वर्षी डिसेंबरात, पेपर संपल्यावर, आम्ही चौघं ट्रॅव्हल्सने पुण्याला पोचलो. गाडी सेल्फ ड्राइव्ह घ्यायची होती. इथं पहिला धडा मिळाला. लायसन्स अठराव्या वर्षी मिळतं, पण भाड्याने गाडी देणारे बरेच जण एकवीस वर्षांच्या आतल्या मुलाला दारात उभं करत नाहीत. शेवटी रूममेटच्या आतेभावाच्या नावावर गाडी घेतली. तो पुण्यात नोकरीला आहे, तोही सोबत आला. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचा नंबर. सेल्फ ड्राइव्हच्या अधिकृत गाडीची हीच खूण. ज्यांना स्वस्तात साध्या पांढऱ्या पाटीची गाडी 'ओळखीतून' भाड्याने मिळते, त्यांनी जरा विचार करावा. खासगी गाडी भाड्याने चालवणं बेकायदेशीर आहे आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात.

ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तिथून मंडणगड आणि मग वेळास. पुढे केळशी, आंजर्ले, दापोली. दाभोळला वाशिष्ठीची खाडी आडवी येते. तिथं गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि पलीकडे धोपाव्याला उतरायचं. ही फेरीबोट २००३ पासून आहे. मग गुहागर, हेदवी, वेळणेश्वर. तवसाळहून जयगडला पुन्हा फेरीबोट. मग गणपतीपुळे, आणि तिथून आरे-वारेचा तो रस्ता, जिथं घाटाच्या वळणावर एकदम दोन्हीकडे समुद्रच समुद्र! आमच्यातला एकही जण पाच मिनिटं बोलला नाही, आणि आम्हाला ओळखणाऱ्यांना ही केवढी मोठी गोष्ट आहे ते कळेल.

एसटीने हे सगळं बघता येतं का? येतं. पण एसटी गावात सोडते, आणि किनारा गावाच्या मागे, माडांच्या पलीकडे असतो. गाडी असली की मनाला येईल तिथं थांबता येतं. एखादा कच्चा रस्ता डावीकडे... चुकलो, कोकणात दक्षिणेकडे जाताना उजवीकडे वळला की वळायचं. हे स्वातंत्र्य मोठं आहे, नाकारत नाही. पण याच स्वातंत्र्याबद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत.

पाचव्या दिवशी आम्ही मालवणच्या दक्षिणेला होतो. रूममेटने मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडला होता. दोन डोंगरांच्या मध्ये वाळूची एक पांढरी कोर दिसत होती, नाव काही नव्हतं. "सापडला आपला बार्बाडोस!" त्या किनाऱ्याचा पत्ता मी इथं मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे येईलच. आंब्याच्या बागेतून, काजूतून रस्ता काढत आम्ही खाली उतरलो आणि साडेदहाच्या सुमारास गाडी थेट वाळूत नेली. समोर लांबवर पाणी, अख्खा किनारा रिकामा. एका टोकाला काही माणसं जाळं ओढत होती, तेवढीच. दर्यापूरकडचा आमचा मित्र शर्ट काढून पळत सुटला. "मले पोहता येते बे, इहिरीत शिकलो मी!" मी म्हटलं, आधी भरतीचं बघू. तर म्हणतो, "कायची भरती बे? पाणी तर केवढं दूर हाये!"

तेवढ्यात जाळ्याकडून एक म्हातारे गृहस्थ हात हलवत आमच्याकडे आले. "खयसून इलात?" आम्ही सांगितलं, अमरावतीहून. त्यांनी आधी गाडीकडे बघितलं, मग पाण्याकडे. "गाडी हय कित्याक हाडलात? आणि हय पाण्यात जावचा नाय. पाणी आत ओढता." खरं सांगतो, आम्हाला राग आला. एवढ्या लांबून आलो, दिवसाचे अडीच हजार आणि वर पेट्रोल मोजून, आणि हे कोण सांगणार? पण आतेभाऊ मोठा होता. त्याने सगळ्यांना गुडघ्याच्या पुढे जाऊ दिलं नाही. आम्ही तोंड पाडून फोटो काढले आणि खडकाच्या सावलीत झोपलो.

एक वाजता जाग आली तेव्हा पाणी गाडीच्या पुढच्या चाकांना लागलं होतं. गाडी सुरू केली, चाकं जागच्या जागी फिरली आणि आणखी रुतली. फर्स्ट इयरला घर्षण शिकलेले चार भावी इंजिनिअर ओल्या वाळूत हाताने खड्डे करत होते आणि प्रत्येक लाट ते बुजवत होती! शेवटी त्या रापणवाल्यांनीच दोर आणला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीने ते अर्धगोलात समुद्रात टाकतात आणि दोन्ही टोकांना माणसं लागून ओढतात. दहा-बारा जणांनी तोच दोर आमच्या गाडीला बांधला आणि तिला मागे खेचून काढलं. पैसे देऊ केले तर कुणी घेतले नाहीत. म्हातारे म्हणाले, आता आमची रापण ओढू लागा. ओढली. हाताची सालं निघाली, आणि निघताना पिशवीभर बांगडे मिळाले.

परत निघण्याआधी त्यांनी आम्हाला भरतीचं गणित शिकवलं. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. त्या दिवशी वद्य तृतीया होती. तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनला पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पंधरवडा संपला की पुन्हा एकपासून मोजायचं. दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा तास जातात, त्यामुळे भरती रोज पाऊण-एक तास उशिरा येते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी जास्त वर चढतं. मिनिटाच्या हिशेबाला भरती-ओहोटीचं कोष्टक बघावंच, ते मोबाइलवरही मिळतं. पण एम-थ्री पास झालेल्या आम्हाला हा एक गुणाकार येत नव्हता, आणि त्यापायी भाड्याची गाडी समुद्रात जाणार होती.

गाडी गेली असती तर डिपॉझिट गेलं असतं, घरी बोलणी खाल्ली असती. मी विचार करतोय तो त्या विहिरीत पोहायला शिकलेल्या मित्राचा. विहिरीचं पाणी जागेवर उभं असतं. समुद्राचं नसतं. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जाणारच, आणि ते बऱ्याचदा एका अरुंद पट्ट्यातून जोरात परत जातं. गंमत अशी, की त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, त्यामुळे नवख्याला तीच जागा शांत वाटते आणि तो तिथंच उतरतो. चांगला पोहणाराही त्या ओढीविरुद्ध सरळ किनाऱ्याकडे येऊ शकत नाही, दमतो आणि बुडतो. अशा वेळी घाबरून ओढीशी झुंजायचं नाही. किनाऱ्याला समांतर बाजूला पोहत जायचं आणि ओढ सुटली की मग आत यायचं. पोहता येत नसेल तर गुडघाभर पाणी हीच हद्द.

हे मी पुस्तकी सांगत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याला सहलीला आलेले पुण्याच्या कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचे ८ जण गेले. ही आपल्याच वयाची, आपल्यासारखीच समुद्रापासून लांब वाढलेली मुलं होती. आम्ही वायरीपासून काही लांब नव्हतो.

अशी घटना झाली की "सहली बंद करा" अशी ओरड होते. सर, मॅडम, माझं नम्र मत असं आहे की याने काही होणार नाही. कॉलेजची सहल बंद झाली की मुलं आपापली गाडी घेऊन जातात. तिथं ना शिक्षक, ना यादी, ना हजेरी. आम्ही तसेच गेलो होतो. आणि जिथं जीवरक्षक असतात त्या गर्दीच्या किनाऱ्यावर न जाता मुद्दाम 'कुणाला माहीत नसलेल्या' किनाऱ्यावर जातात. गोव्यात २००८ पासून मोठ्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमले आहेत, धोका असला की लाल झेंडा लावतात. नकाशावर नाव नसलेल्या किनाऱ्यावर झेंडा कोण लावणार? तिथं झेंडा म्हणजे तो हात हलवत आलेला म्हातारा माणूस. आणि गाडी असली की नेमकं त्यालाच टाळता येतं. एसटीने गेलो असतो तर गावात उतरलो असतो, कुठे काय आहे ते चार जणांना विचारलं असतं. गाडीत बसून आम्ही पाच दिवसांत पेट्रोल पंपवाला आणि खानावळवाले सोडून कुणाशी धड बोललोच नव्हतो.

शिवाय 'अज्ञात किनारा' हा शब्दच चुकीचा आहे. तो आम्हाला अज्ञात होता. रापणवाल्यांच्या बापजाद्यांचं पोट त्यावर चाललं. वेळासचं उदाहरण घ्या. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाचवायचं काम सुरू केलं. २००६ पासून कासव महोत्सव भरतो. लोक येतात, गावातल्या घरांत राहतात, गावचं जेवण जेवतात, आणि पिल्लं समुद्रात जाताना दोरीच्या मागे उभं राहून बघतात. किनारा उघडा केला, पण गावाने, आपल्या अटींवर. कासवाची अंडी वाळूखालीच असतात आणि त्यांचा हंगाम हिवाळ्यातच सुरू होतो. आम्ही जिथं गाडी घातली तिथं खाली काही होतं का, हे आम्ही कुणाला विचारलं होतं? म्हणून पत्ता लिहीत नाही. ज्याला जायचंय त्याने आधी गावात जाऊन विचारावं.

तेव्हा मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच. जा, जरूर जा. सागरी रस्ता आणि फेरीबोटी अनुभवाच. खाड्यांवर पूल झाले की हा प्रवास भराभर होईल, पण आजची फेरीबोटीतली मजा मग राहणार नाही. फक्त गाडी गावात, झाडाखाली लावा, वाळूत नको. पाण्यात उतरण्याआधी तिथल्या एका तरी माणसाशी बोला, आणि तो 'नको' म्हणाला तर 'नको'. आणि स्टाफला विनंती, इंडस्ट्रियल व्हिजिटला निघण्याआधी आपण बसच्या सीटवरून जेवढा वेळ घालवतो, त्यातला एक तास समुद्राला द्यावा. भरतीचं गणित आणि पाण्याची ओढ, एवढं फळ्यावर समजावून सांगितलं तरी पुरे. आपल्याकडे ते दुसरं कोण शिकवणार? आपल्या आजीला विहीर माहीत, बाबांना धरण माहीत.

तो दर्यापूरकडचा मित्र सध्या बाजूच्या रूममध्ये सबमिशन लिहितोय. मी हा लेख वाचून दाखवला तर म्हणाला, "माह्यं नाव नको टाकू बे." नाही टाकलं.