मे महिन्यातील सहकुटुंब बेटप्रवासाच्या नियोजनाबाबत महाराष्ट्र सागरी मंडळास निवेदन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
महाराष्ट्र सागरी मंडळ, मुंबई

विषय : घारापुरी, जंजिरा व सिंधुदुर्ग येथे उन्हाळी सुटीत जाणाऱ्या कुटुंबांसाठी भरती-ओहोटीची माहिती, परतीच्या फेरीची हमी, लहान मुलांची नोंद आणि धक्क्यांवरील सोयी यांबाबत.

महोदय,

राज्यातील लहान बंदरांचा कारभार आणि त्यांमधून चालणाऱ्या उतारू वाहतुकीचे नियमन १९९६ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या सागरी मंडळाकडे असल्यामुळे प्रस्तुत निवेदन मंडळापुढे ठेवण्यात येत आहे. शाळांच्या परीक्षा संपून सुटी लागते ती एप्रिलअखेरीस किंवा मेच्या आरंभी, आणि पावसाळ्यापूर्वीची खबरदारी म्हणून जंजिरा, सिंधुदुर्ग यांसारख्या ठिकाणची उतारू वाहतूक २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद राहते. त्यामुळे विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि घाटावरून येणाऱ्या कुटुंबांना बेटावर जाण्यासाठी उन्हाळी सुटीत जेमतेम तीन-चार आठवडे मिळतात. दुर्दैवाने समुद्र पालटू लागण्याचा काळही हाच असतो. २४ मे २०२२ रोजी मालवणजवळ तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला, तेव्हा हंगाम संपायला एकच दिवस उरला होता. गर्दीचा आणि जोखमीचा काळ असा एकत्र येत असताना मे महिन्याची व्यवस्था ही डिसेंबरच्या व्यवस्थेहून वेगळी आणि अधिक काटेकोर असली पाहिजे, हे या निवेदनाचे मुख्य म्हणणे आहे.

एकटा तरुण प्रवासी चुकलेली बोट, हुकलेले जेवण आणि दोन तासांचे ऊन सोसू शकतो. कडेवर तान्हे मूल, सोबत गुडघे दुखणारी आजी आणि हातात पिशव्या असलेल्या कुटुंबाला ते शक्य नसते. अशा कुटुंबाची सुरक्षा बोटीत पाय ठेवण्यापूर्वी, म्हणजे घरी बसून दिवस आणि वेळ ठरवताना सुरू होते. मात्र त्यासाठी लागणारी माहिती धक्क्यावर पोचेपर्यंत त्यांच्या हाती येत नाही आणि तेथेही ती ज्याच्या-त्याच्या तोंडून वेगवेगळी ऐकू येते.

या माहितीत सर्वांत महत्त्वाची म्हणजे भरती-ओहोटीची. चंद्र-सूर्याच्या आकर्षणामुळे समुद्राची पातळी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वाधिक चढते व सर्वाधिक उतरते, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा फरक सर्वांत कमी असतो, त्यास भांग म्हणतात. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतील फरक चार मीटरहून अधिक होतो, म्हणजेच सकाळी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलेली लाँच दुपारी एका मजल्याएवढी खाली गेलेली असते आणि तोच धक्का, तीच लाँच असूनही वृद्ध व्यक्तीला ती दुर्गम होते. किनाऱ्यावरील कोळी व खारवी बांधव तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची ढोबळ वेळ सहज काढतात. चतुर्थीला ती तीनच्या सुमारास येते. पिढ्यान् पिढ्या जपलेले हे ज्ञान आदरास पात्र आहे, परंतु अकोल्याहून किंवा लातूरहून प्रथमच समुद्र पाहायला येणाऱ्या कुटुंबाने ते जाणून यावे अशी अपेक्षा करता येत नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो आणि हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र लाटांचे अंदाज व उंच लाटांचे इशारे देते. यांच्या आधारे प्रत्येक धक्क्यासाठी १५ एप्रिल ते २५ मे या काळाचे मराठी दिनपत्रक तयार करावे आणि कोणत्या दिवशी कोणत्या वेळात लहान मुले व वृद्ध यांना चढणे-उतरणे सोपे जाईल ते त्यात सरळ शब्दांत छापावे. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, यासारख्या साध्या गोष्टीही त्यात असाव्यात; तेवढी एक ओळ आधी वाचायला न मिळाल्यामुळे अख्ख्या कुटुंबाचा दिवस आणि पैसा वाया जातो. हे पत्रक एसटी स्थानकांवर आणि मंडळाच्या संकेतस्थळावर मार्चअखेर उपलब्ध व्हावे.

दुसरी बाब परतीची. सकाळी मिळालेल्या पावतीवर परतीची वेळ लिहिलेली नसेल, तर दुपारनंतर बेटावर साचलेली गर्दी शेवटच्या एक-दोन फेऱ्यांवर तुटून पडते आणि बोटीच्या क्षमतेचा नियम नेमका त्या वेळी ताणला जातो. उन्हाळ्यात दिवस चढला की समुद्रावरून जमिनीकडे वाहणारे खारे वारे जोर धरतात व पाणी खवळते, त्यामुळे सर्वांत भरलेली बोट बहुधा सर्वांत अस्वस्थ पाण्यातून जाते. यावर उपाय एवढाच की पावतीवर परतीच्या फेरीची वेळ नमूद करावी, परतीच्या फेऱ्यांत मावतील तेवढ्याच उतारूंना बेटावर न्यावे आणि शेवटची फेरी सुटण्यापूर्वी बेटावर कोणी मागे राहिलेले नाही याची खातरजमा केल्याची सही नोंदवहीत घ्यावी.

लहान मुलांचा प्रश्न मात्र स्वतंत्रपणे व विस्ताराने मांडणे आवश्यक आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे जाणाऱ्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकून झालेल्या भीषण अपघातात अनेकांचे प्राण गेले आणि त्यानंतर प्रत्येक उतारूने लाइफ जॅकेट घालण्याची सक्ती करण्यात आली. ही सक्ती योग्यच आहे. पण पाच वर्षांच्या मुलाला प्रौढ माणसाचे जॅकेट चढवल्याने नियम पाळल्यासारखे दिसले, तरी पाण्यात ते जॅकेट वर सरकते आणि मूल त्यातून खाली निसटते. मुलांची जॅकेटे वजनानुसार निराळ्या मापांत मिळतात. त्यांना मानेमागे डोके तोलून धरणारी गादी आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असतो, व हा पट्टाच जॅकेटला वर सरकू देत नाही. प्रत्येक बोटीवर मुलांच्या मापांची पुरेशी जॅकेटे असल्याशिवाय तिला मे महिन्यात सुटण्याची परवानगी देऊ नये, आणि ती बाकाखाली बांधून न ठेवता धक्क्यावरच मुलांना घालून, पट्टे तपासून मग त्यांना बोटीत घ्यावे. याच्याशीच निगडित दुसरा मुद्दा मोजणीचा आहे. जेथे उतारूंची गणना फाडलेल्या तिकिटांवरून होते, तेथे मांडीवरचे बिनतिकिटाचे मूल कोणत्याच कागदावर येत नाही. अपघाताच्या वेळी शोध किती जणांचा घ्यायचा हे बचाव पथकाला ठाऊक नसणे ही गोष्ट अक्षम्य होय. म्हणून तिकीट लागो वा न लागो, प्रत्येक जीव नोंदला जावा, वयासह नोंदला जावा, आणि त्या यादीची एक प्रत बोट सुटण्यापूर्वी धक्क्यावर ठेवली जावी.

उन्हाच्या बाबतीत, इशारा नसेल तर धोकाही नाही, असा एक गैरसमज प्रशासनातही आढळतो. हवामान विभागाच्या निकषानुसार किनारी केंद्रावर कमाल तापमान किमान ३७ अंश सेल्सिअस आणि सरासरीहून ४.५ अंश किंवा अधिक वर असेल तेव्हा उष्णतेची लाट मानली जाते. त्यामुळे ३४ अंशांच्या दिवशी उष्णतेच्या लाटेचा इशारा नसतो. तथापि दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही आणि सावली नसलेल्या सिमेंटच्या धक्क्यावर तासभर रांगेत उभ्या राहिलेल्या मुलाला ३४ अंशही पुरेसे घातक ठरतात. रांगेवर छप्पर, पिण्याचे पाणी, बसायला बाके आणि स्तनदा मातांसाठी आडोसा या सोयी इशाऱ्याची वाट न पाहता संपूर्ण हंगामभर असाव्यात. स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह नसल्यामुळे अनेक महिला प्रवासभर पाणी पिण्याचे टाळतात, हेही येथे स्पष्टपणे नोंदवणे भाग आहे.

चढण्या-उतरण्याच्या जागांचा विचार स्थळानुसार करावा लागेल. गेटवे ऑफ इंडिया येथे एका लाँचला दुसरी लाँच लावलेली असते आणि उतारूंना एकीतून दुसरीत ओलांडून जावे लागते. तेथे दोन लाँचमधील फटीवर कठड्याची फळी टाकणे व दोन प्रशिक्षित खलाशी उभे करणे एवढ्याने मोठी जोखीम टळते. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेल्यावर मुख्य दरवाजाजवळच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर हेलकावणाऱ्या होडीतून पाय टाकावा लागतो, आणि तेथे मुलांना हातोहात उतरवून घेण्याचा जो प्रघात आहे तो कितीही प्रेमाने पाळला जात असला तरी त्यास सुरक्षा व्यवस्था म्हणता येणार नाही. मालवणच्या पाण्यात खडक असल्यामुळे सिंधुदुर्गाकडे जाणारी वाट जाणकार तांडेलानेच, म्हणजे होडीच्या प्रमुखानेच, पार करावी. गर्दीच्या दिवसांत जादा फेऱ्यांसाठी नवख्या हातांत सुकाणू देण्यास मनाई असावी.

या मागण्यांचा भार होडी व्यावसायिकांवर टाकला जाऊ नये, अशी निवेदकांची आग्रहाची भूमिका आहे. वर्षातील तीन महिने ज्यांचा व्यवसाय बंद असतो, त्यांच्याकडून दंड वसूल करून सुरक्षा येत नाही. मुलांची जॅकेटे मंडळाने उतारू वाहतुकीतून मिळणाऱ्या उत्पन्नातून खरेदी करून धक्क्यावर ठेवावीत, आणि नोंदणीसाठी मे महिन्यापुरते कर्मचारी नेमावेत. हा खर्च मंडळाला न पेलण्याजोगा नाही.

नवा हंगाम १ सप्टेंबरला सुरू होण्यापूर्वी वरील मागण्यांवर निर्णय घ्यावा, जॅकेटे व नोंदवह्या दिवाळीच्या सुटीपूर्वी धक्क्यांवर पोचवाव्यात आणि झालेल्या कार्यवाहीची माहिती निवेदकांना लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
बेटांवर सहकुटुंब प्रवास करणारे नागरिक

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, मुंबई शहर
मा. जिल्हाधिकारी, रायगड
मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग