‘ती’चा शेवट कोणी ठरवायचा?

विडी कामगार बायकांबरोबर ऑपेरा बसवायचा, असं मी आमच्या बैठकीत म्हटलं तेव्हा आधी सगळ्या हसल्या. मग एका ज्येष्ठ कार्यकर्तीने विचारलं, “अगं, त्यांच्या मजुरीचा प्रश्न सुटला का?” तो सुटलेला नव्हता, आजही नाही. तरीही सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गटाने गेल्या दीड वर्षात ‘कार्मेन’ बसवलं. त्यातून जे घडलं, त्याबद्दल मैत्रिणींशी थोडं बोलावं, थोडं भांडावं, म्हणून हे लिहिते आहे.

‘कार्मेन’च का? कारण तिची नायिका तंबाखूच्या कारखान्यात काम करते. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात सरकारी तंबाखूचा प्रचंड कारखाना होता. एकोणिसाव्या शतकात तिथे हजारो बायका सिगार वळत. (त्या इमारतीत आता विद्यापीठ आहे.) प्रॉस्पेर मेरिमे या फ्रेंच लेखकाने १८४५ साली या कारखान्यातल्या एका जिप्सी मुलीची गोष्ट लिहिली. एक शिपाई तिच्या नादाने नोकरी सोडतो, ती पुढे त्याला नाही म्हणते आणि तो तिला भोसकून मारतो. ही गोष्ट पुस्तकात सांगतो कोण? फाशीची वाट पाहणारा तो खुनीच. म्हणजे कार्मेन कशी होती, हे आपल्याला तिला मारणाऱ्याच्या तोंडून कळतं. १८७५ साली जॉर्ज बिझेने तिचा ऑपेरा केला तेव्हा कुठे तिला स्वतःचा आवाज मिळाला. पॅरिसच्या प्रेक्षकांना ते रुचलं नाही. स्टेजवर बायका विड्या फुंकतात, मारामारी करतात म्हणजे काय! तीनच महिन्यांत बिझे वारला, वय अवघं ३६.

ऑपेरा म्हणजे काही परग्रहावरची वस्तू नव्हे. मूळच्या ‘कार्मेन’मध्ये गाण्यांच्या मधे गद्य संवाद होते, आपल्या संगीत नाटकात असतात तसेच. आणि बाहेरचं नाटक आपल्या मातीत रुजवायची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. १७२८ सालचा इंग्रजी ‘बेगर्स ऑपेरा’ घेऊन ब्रेश्टने १९२८ मध्ये जर्मनीत ‘थ्री पेनी ऑपेरा’ केला आणि त्यावरून पु. ल. देशपांड्यांनी १९७८ साली ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला. फक्त ही सगळी रूपांतरं लेखकांनी टेबलाशी बसून केलेली. वस्तीने केलेलं रूपांतर कसं असतं, ते मला एका आफ्रिकन सिनेमात पहिल्यांदा दिसलं.

‘यू-कार्मेन’ हा तो २००५ सालचा सिनेमा. केपटाऊनजवळच्या खायेलित्शा या काळ्या लोकांच्या वस्तीत घडतो आणि सगळी गाणी खोसा भाषेत आहेत. पॉलीन मालेफाने ही गायिका त्यात कार्मेन झाली आहे आणि भाषांतरातही तिचा हात आहे. मूळ ऑपेरातला बैलांशी झुंजणारा नायक इथे वस्तीत परत आलेला गायक आहे. शिपायाचा झाला आहे पोलीस. या सिनेमाला बर्लिनच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पण मला त्यातल्या बायकांची शरीरं जास्त आवडली. जाड, दमलेली, हसणारी, बाजारातून आल्यासारखी.

आम्ही भिंतीला पांढरी चादर लावून तो पाहिला. मी मराठीत सांगत होते, एक जण माझं ऐकून तेलुगूत सांगत होती आणि मागच्या बाजूला उर्दूत वेगळंच काहीतरी चाललं होतं. कार्मेन मेली तेव्हा तिन्ही भाषा थांबल्या.

त्यानंतर सुरू झालं ते खरं काम. सगळ्यात मोठं भांडण झालं नावावरून. कार्मेनचं तेलुगू नाव ठेवलं तर पद्मशाली बायका म्हणाल्या, “म्हणजे चार जणांबरोबर फिरणारी ती आमचीच का?” मुसलमान नाव सुचवणारीकडे दोघी-तिघींनी अशा नजरेने पाहिलं, की तिने विषयच सोडला. मराठी नावावर दलित बायका अडल्या, कारण जे नाव पुढे आलं ते त्यांच्याच आळीत चार घरी होतं. तीन आठवडे हेच. मला तेव्हा वाटत होतं, की वेळ वाया चालला आहे. आता वाटतं, एका कारखान्यात वर्षानुवर्षं शेजारी शेजारी विड्या मोजून देणाऱ्या या बायकांनी ‘आमची’ आणि ‘तुमची’ हे शब्द एकमेकींच्या तोंडावर पहिल्यांदा त्या तीन आठवड्यांत उच्चारले. (मूळ लेखकानेही तेच केलं होतं ना? बिघडलेली बाई दाखवायची तर ती जिप्सीच हवी. आपल्याकडे भटक्या-विमुक्तांच्या बायकांबद्दल काय बोललं जातं ते आठवा.) अखेर तिला नावच द्यायचं नाही असं ठरलं. नाटकात ती फक्त ‘ती’ आहे.

गाण्यांचा प्रश्न मात्र चुटकीसरशी सुटला. तेलुगू बायका बतुकम्माच्या दिवसांत फुलांच्या राशीभोवती फेर धरून टाळ्या वाजवत गातात. मराठी बायका त्याच सुमाराला हादग्याचा फेर धरतात. दोन फेर एकात एक घातले, आतला एका दिशेने, बाहेरचा दुसऱ्या दिशेने, आणि आमचा कोरस उभा राहिला.

तालमी होत त्या मांडीवर सूप घेऊनच. पानं कापणं, तंबाखू भरणं, दोरा बांधणं चालू आणि तोंडाने संवाद. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे तालमीसाठी हात थांबवणं कोणालाच परवडत नव्हतं. ज्यांना वाटतं की नाटक ही पोट भरलेल्यांची चैन आहे, त्यांनी एकदा ही तालीम पाहायला यावं.

पुरुषांची कामंही अर्थात बायकांनीच केली. आमच्या रूपांतरात शिपायाचा झाला यंत्रमागावरचं काम सुटलेला तरुण. ते काम पन्नाशीच्या एका अक्कांकडे गेलं, आवाज भारी म्हणून. शेवटच्या प्रवेशात तो ‘ती’ला अडवतो. तिथे त्याने काय बोलावं हे प्रत्येकीने सुचवायचं होतं. अक्का एक वाक्य बोलल्या आणि थांबल्या. मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, “हे मी बनवलेलं नाही ताई. हे माझ्या घरातलं आहे. माझा पोरगा फोनवर बोलतो, ते मी ऐकते.” जिच्याशी तो बोलत असे, जिच्या वाटेवर रोज उभा राहत असे, त्या मुलीची आई समोर फेरात बसलेली होती.

१९९० साली उल्हासनगरला परीक्षा देणाऱ्या मुलीला जाळलं गेलं, २०२० साली हिंगणघाटला तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात. दर वेळी आपण मोर्चे काढले आणि काढायलाच हवेत. पण मुलाची आई आणि मुलीची आई, काही घडण्याच्या आधी, एका खोलीत समोरासमोर, हे मी माझ्या बारा वर्षांच्या कामात पाहिलं नव्हतं. दोघी पुढे सहा आठवडे एकमेकींशी बोलल्या नाहीत. गट फुटेल असं वाटलं. तो फुटला नाही याचं श्रेय माझं नाही. दोन वयस्क बायका दोन्ही घरी जात राहिल्या, मुलाच्या बापाला आणि भावाला बसवून बोलल्या, मुलीबरोबर महिनाभर कोणी ना कोणी चालत राहिली. पुढचं सगळं इथे लिहीत नाही. दोन्ही घरं अजून त्याच बोळात आहेत.

माझा मुद्दा आता स्पष्ट मांडते. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला पथनाट्य हे ‘संदेश पोहोचवण्याचं माध्यम’ म्हणून शिकवलं गेलं. मीही तशी पाच-सहा तरी केली. संहिता मी लिहायची, बायकांनी पाठ करायची, चौकात वीस मिनिटं, शेवटी घोषणा. लोक टाळ्या वाजवत आणि घरी जात. नाटक करणाऱ्या बायकाही घरी जात. १९८३ साली ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ आलं आणि वर्षानुवर्षं गावोगाव झालं, ते चळवळीतल्या बायकांनी आपलं मानून केलं म्हणून. आपण त्यातून साचा तेवढा उचलला. तयार संहिता वस्तीला प्रेक्षक करते. परकी गोष्ट घेऊन ‘हे आपल्याकडे कसं होईल’ हा प्रश्न टाकला की वस्तीला आपल्या आत पाहावं लागतं, आणि गोष्ट परकी असल्यामुळे तसं पाहण्याची हिंमत होते. अक्का स्वतःच्या मुलाबद्दल सरळ बैठकीत बोलल्या असत्या? मला वाटत नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे आमच्यापुढे आलेला एक प्रस्ताव. एक देणगीदार आमच्या नाटकाचे पन्नास प्रयोग करायला पैसे देतो आहे. अट अशी, की नाटक पंधरा मिनिटांचं करायचं आणि शेवटी ‘ती’ वाचते, हेल्पलाइनला फोन करते असं दाखवायचं. १८१ हा नंबर बायकांना माहीत असावा, यात वाद नाही. तो आम्ही प्रयोगानंतर सांगतोच. पण शेवट? २०१८ साली इटलीत फ्लॉरेन्सच्या ऑपेरात दिग्दर्शकाने शेवट फिरवला. कार्मेन त्याचंच पिस्तूल हिसकावून त्याला गोळी घालते. त्यावर खूप गदारोळ झाला. मी हे गटात सांगितलं तेव्हा तरुण मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि म्हाताऱ्या म्हणाल्या, “मग तिला फाशी.”

आमच्या बायकांना खटकलं ते वेगळंच. मूळ ऑपेरात खून होतो तेव्हा पलीकडे मैदानात सगळं गाव जमलेलं असतं, बैलाच्या झुंजीला आरोळ्या देत. “एवढी माणसं होती आणि एकालाही ऐकू आलं नाही?” म्हणून आमच्या नाटकात तो चाकू काढतो त्या क्षणी टाळ्या थांबतात. दोन्ही फेर उभे राहतात आणि मागे वळतात. बस्स. ती वाचली की नाही, ते आम्ही दाखवत नाही.

पैसे घ्यावेत असं गटातल्या निम्म्या बायकांचं मत आहे आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. प्रयोगाच्या दिवशी बुडालेल्या हजार विड्या कोणीतरी भरून द्यायला हव्यात. मी विरोधात मत देणार आहे. अक्का काय करणार ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. बैठक येत्या रविवारी, कारखाना बंद असतो त्या दिवशी आहे.