मराठीलाही गुबगुबीत अक्षरं हवीत

नाव माहीत नसलं तरी ब्रिटनमध्ये राहणाऱ्या तुम्ही 'कूपर ब्लॅक' नक्की पाहिला असेल. ईझीजेटच्या नारिंगी बोधचिन्हातली गोलमटोल अक्षरं आठवा, किंवा बीबीसीच्या 'डॅड्स आर्मी' (१९६८-७७) मालिकेची नामावली. शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपर यांचा हा फॉन्ट १९२२ साली बाजारात आला. पण अशा जाडजूड अक्षरांची हौस त्याहून जुनी, आणि ती लंडनची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भिंतींवर जाहिरातींची गर्दी झाली, तेव्हा इथल्या टाइप ओतणाऱ्या कारखान्यांनी 'फॅट फेस' अक्षरं घडवली. रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर खेचणं हेच त्यांचं काम.

आता आपल्या गणेशोत्सवाचं पोस्टर पाहा. इंग्रजी मथळा ऐटदार. खाली मराठी ओळ मात्र संगणकाने आपसूक दिलेल्या फॉन्टात, 'बोल्ड'चं बटण दाबून फुगवलेली. हे थांबवायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

फॉन्टमध्ये मुळातला ठळक प्रकार नसेल, तर ते बटण अक्षराची कड सगळीकडून सारखीच जाड करतं. रोमन अक्षरं हे बऱ्यापैकी सोसतात. देवनागरीत शिरोरेखेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, शिवाय जोडाक्षरं. मग 'ष' आणि 'क्ष' यांच्या आतली पोकळी बुजते, अनुस्वार मात्रेला चिकटतो. जाडी कुठे वाढवायची आणि कुठे आवरायची, हे डोळ्यांनी पाहून माणसालाच ठरवावं लागतं.

मुंबईच्या 'एक टाइप'मधल्या सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी 'मोदक' या फॉन्टमध्ये नेमकं तेच केलं. अक्षर शक्य तितकं जाड आणि आतली पोकळी शक्य तितकी बारीक, तरीही वाचता यायला हवं, हा त्यांचा प्रयोग. पांढऱ्या रेघांवर अक्षराची सगळी ओळख टिकून राहते. फॉन्ट मुक्त परवान्याचा आहे. गुगल फॉन्ट्सवरून फुकट घेता येतो.

पण तो जपून वापरा. दोन-चार शब्दांचा मथळा, मोठ्या आकारात, एवढंच. वेळ, पत्ता, तिकिटाचे दर 'मुक्ता'सारख्या साध्या फॉन्टात द्या. श्रद्धांजलीला तर मोदक नकोच. आणि छापण्याआधी पोस्टर व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून पाहा: आकार लहान झाला की त्या पांढऱ्या रेघा सर्वांत आधी नाहीशा होतात.

एवढा खटाटोप कशाला? इथे वाढणाऱ्या मुलांना देवनागरी दिसते ती बहुधा रविवारच्या मराठी शाळेत आणि आरतीच्या पुस्तकात. गंमत इंग्रजीत आणि गांभीर्य मराठीत, अशी वाटणी त्यांच्या मनात नकळत पक्की होते. यंदाच्या पोस्टरवर 'बाप्पा' हा शब्द बाप्पासारखाच तुंदिलतनू दिसू द्या. मुलं तो आपणहून वाचायला थांबतात का, ते पाहा.