भाड्याचा संगणक आणि मालकीचा प्रश्न

घरून काम करणाऱ्यांसाठी ‘क्लाउड’वरील आभासी डेस्कटॉप घ्यावा काय, हा प्रश्न आता सहकारी संस्था व कामगार संघटनांच्या कचेऱ्यांपुढेही उभा आहे. या व्यवस्थेत कर्मचाऱ्यापुढे केवळ पडदा व कळफलक असतो. संगणन आणि कागदपत्रे दूरच्या केंद्रात राहतात. लॅपटॉप चोरीस गेला तरी दप्तर शाबूत राहते, हा लाभ खरा आहे.

परंतु भाड्याच्या साधनावर अंतिम सत्ता मालकाची असते. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा स्थगित केल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि सेवा पूर्ववत झाल्या. तालुक्याच्या पतसंस्थेची एवढी ऐपत नसते.

म्हणून दरपत्रकाआधी करार वाचावा. दप्तर कोणत्या देशात राहील? सेवा सोडताना ते कोणत्या स्वरूपात परत मिळेल? ॲमेझॉन वर्कस्पेसेसमध्ये मासिक व ताशी असे दोन्ही प्रकारचे दर आहेत. नित्य कामास पहिला, तुरळक कामास दुसरा परवडतो. अपाचे ग्वाकामोले हे मुक्त सॉफ्टवेअर वापरून कचेरीतील स्वतःच्या यंत्रांवरही दुरून काम करता येते. मात्र ते सांभाळणारा जाणकार हवा.

आणखी एक हिशेब राहतो. घरची वीज, इंटरनेट व जागा कर्मचाऱ्याची खर्ची पडते आणि भाड्याची बचत संस्थेच्या खाती जमा होते. ही भरपाई सेवाशर्तींत लेखी नमूद झाल्याखेरीज संघटनांनी संमती देऊ नये.