आधी वाटे, मग मेहमान

पेण-रोह्याकडे लग्नाकार्यात चार नातेवाईक जमले की हल्ली एक विषय हमखास निघतो. गावच्या बंद घराचं काय करायचं? मुलं मुंब्र्यात, मीरा रोडला, कुवेतला, कतारला. घराला कुलूप. ते उघडतं ईदला, नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत. तेव्हा कौलं सरकलेली असतात, वाशांना वाळवी लागलेली असते आणि दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा यावर सगळे गप्प असतात. मग एखादा तरुण भाचा म्हणतो, "पाहुण्यांसाठी उघडू या. मुंबईची माणसं पैसे देऊन राहायला येतील."

कल्पना वाईट नाही, आणि नवीही नाही. पुण्याजवळ सासवडच्या वाटेवर जाधववाडीत पिलाजी जाधवराव यांनी १७१० साली बांधलेली गढी आहे. बुरूज, तटबंदी, भला मोठा दरवाजा. हॉटेल व्यावसायिक विठ्ठल कामत यांनी तिथं हॉटेल सुरू केलं आणि आज लोक त्या गढीत मुक्कामाला जातात. इटलीच्या दक्षिणेला पुलिया नावाचा प्रांत आहे. तिथं शेतातच गढीसारखी घरं बांधलेली आहेत, त्यांना 'मस्सेरिया' म्हणतात. समुद्रावरून येणाऱ्या चाच्यांच्या भीतीनं बाहेरच्या भिंती जाड ठेवल्या, टेहळणीला बुरूज बांधले. आत माणसं, गुरं, धान्य आणि ऑलिव्हचं तेल काढायचे घाणे. शेतमजूर शहराकडे गेले तशी ही घरं ओस पडली. आता त्यांतल्या कितीतरी घरांत पाहुणे उतरतात.

इटलीचं पाहण्यासारखं आहे ते पुढेच. तिथं शेतावरच्या पर्यटनासाठी १९८५ साली कायदा झाला. त्याचं मुख्य सूत्र असं, की शेती हा मूळ धंदा राहिला पाहिजे, पाहुणे हा जोडधंदा. म्हणजे शेत विकून नुसत्या खोल्या भाड्यानं दिल्या तर त्या घराला शेतघर म्हणता येत नाही. आपल्या राज्यानंही २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. पर्यटन संचालनालयाकडे त्याची नोंदणी होते.

आपल्या घरांना बुरूज नाहीत. काळ्या दगडाचं जोतं, सागवानी खांब, ओटी, पडवी, माजघर आणि वर माळा. पण पाहुण्याला द्यायला काय कमी आहे? पेणच्या खारेपाटातला जिताडा, तांदळाची भाकरी, घावन. हिवाळ्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात भरून, भांबुर्ड्याचा पाला लावून शेतातच लावलेली पोपटी. पेणजवळ सांकशीचा किल्ला आहे, पायथ्याच्या दर्ग्यामुळे त्याला बद्रुद्दीन किल्लाही म्हणतात. रोह्याजवळ अवचितगड आहे. आणि मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वे सुरू होते ती रोह्यालाच, म्हणजे येण्याजाण्याचीही सोय आहे.

सगळं जुळतं. अडतं ते एकाच ठिकाणी. घर कुणाचं?

"अब्बांचं," असं उत्तर मिळतं. अब्बांचा इंतकाल होऊन वीस वर्षं झालेली असतात. घरपट्टीच्या पावतीवर अजून त्यांचंच नाव असतं, आणि चावी गावात राहणाऱ्या भावाकडे. आपल्या शरियतप्रमाणे माणूस गेला त्याच क्षणी त्याच्या मालमत्तेत वारसांचे हिस्से ठरतात. मय्यतीचा खर्च, कर्ज आणि वसीयत वजा जाता जे उरतं, ते सगळ्यांचं. समजा मागे बायको, दोन मुलगे आणि दोन मुली आहेत. घराचे ४८ भाग धरा. आईचे ६, प्रत्येक मुलाचे १४, प्रत्येक मुलीचे ७. बेरीज करून पाहा, बरोबर ४८ भरते. सातवीतलं पोर सोडवील असं हे गणित आपण वीस-वीस वर्षं सोडवत नाही.

का सोडवत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. "बहिणींनी माफ केलंय," असं भाऊ सांगतात. बहीण खरंच म्हणालेली असते, "मला काही नको." पण त्यामागे तिचा हिशोब वेगळा असतो. वाटा मागितला तर माहेर तुटेल, न मागितला तर वर्षातून चार दिवस तरी दार उघडं राहील. आता त्याच घरात पाहुणे उतरू लागले, तर मे महिन्यात मुलांना घेऊन आलेल्या बहिणीला काय सांगणार? "आपा, या आठवड्यात खोल्या भरल्यात"? जिच्या भरवशावर तिनं सात भाग सोडले, ते दारही मग बंद.

म्हणून पहिली खोली रंगवण्याआधी सगळ्या वारसांनी एकत्र बसावं. परदेशातल्यांना फोनवर घ्यावं. आई हयात असेल तर पहिला शब्द तिचा. चार गोष्टी ठरवाव्यात आणि त्या कागदावर उतरवाव्यात. कुणाचा किती हिस्सा. दुरुस्तीला कुणी किती पैसे घातले. जो गावात राहून पाहुण्यांचं पाहील त्याचा, आणि जी रांधेल तिचा, दरमहा मेहनताना किती. तो मेहनताना आणि खर्च काढून उरलेली कमाई हिश्श्याप्रमाणे वाटायची. आणि बहिणींसाठी एक खोली बारा महिने मोकळी ठेवायची, तिचं भाडं कुणी घ्यायचं नाही. ज्या बहिणीला हक्क सोडायचाच असेल, तिनं आधी तो आपल्या नावावर झालेला पाहावा, मग खुशीनं सोडावा. हे सगळं वकिलाला दाखवून नोंदवून घ्यावं.

"भावाभावांत कागद कशाला?" असं म्हणणारं कुणीतरी घरात असतंच. त्यांना इतकंच सांगा, की देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही शिकवण आपल्याला कुराणानंच दिली आहे. ती परक्यांपुरती नाही.

पडवीत वालाचं बियाणं वाळत असेल, परसात कोंबड्या असतील, माळ्यावर भात असेल, तर पाहुण्याला घर पाहिल्यासारखं वाटेल. या सुट्टीत सगळे जमाल तेव्हा घरपट्टीची पावती, जुने दस्त आणि वारसांची यादी एका पिशवीत घालून बरोबर न्या. खोल्यांच्या रंगाचं नंतर ठरवता येईल.